जुनं काडतूस भरायचं सामान: जमवणं आणि जपणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजोबांकडे बारा बोअरची दुनळी होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि पुढे बंदूक रीतसर जमा झाली. घरात उरली ती एक पेटी: पितळी माप, काठ वळवायचं यंत्र, नमद्याच्या चकत्यांचं अर्धं खोकं आणि चामड्याची पिशवी. माझा संग्रह या पेटीपासून सुरू झाला. आता सोलापूर शहरातून, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडून लोक फोन करतात, फोटो पाठवतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. माझ्या संग्रहात बंदुकीच्या दारूचा एक कण नाही आणि एकही जिवंत टोपी, म्हणजे ठोक्याने दारू पेटवणारी न उडालेली धातूची बारीक वाटी, नाही. खालचं सगळं या अटीवर वाचा.

१. "भरायचं सामान" म्हणजे नेमकं काय काय येतं त्यात?

याच्या दोन पिढ्या आहेत. पहिली ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकीची. त्यात दारू ठेवायचं शिंग किंवा बारूददान, कानावर टाकायच्या बारीक दारूचं रंजकदान, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, गज, छऱ्यांची चामडी पिशवी, कमरेचं तोस्तान म्हणजे काडतुसांची पिशवी आणि नंतरच्या काळातल्या टोप्यांच्या पत्र्याच्या डब्या येतात. दुसरी पिढी काडतुसाची. त्यात दारू आणि छरे मोजायचं मुठीचं माप, वापरलेली टोपी काढायचं साधन, नमद्याच्या आणि पुठ्ठ्याच्या चकत्या म्हणजे वॅड, रिकाम्या कागदी नळ्या, त्यांचा काठ आत वळवायचं टेबलाला आवळून बसवायचं यंत्र आणि या सगळ्याची छापील खोकी.

तालुक्याच्या गावी विलायती काडतूस महाग पडायचं आणि वेळेवर मिळायचं नाही, म्हणून लोक घरी भरायचे. जुनी माणसं याला "बार भरणं" म्हणायची. "फुसका बार" तिथूनच आपल्या बोलण्यात आला. "काडतूस" हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आलेला.

२. हे जमवणं कायदेशीर आहे का? परवाना लागतो का?

वस्तू कोणती आणि ती कशी ठेवली आहे, यावर उत्तर बदलतं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये "दारूगोळा" या शब्दाची व्याख्या लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. कलम २ मध्ये फक्त भरलेलं काडतूस येत नाही. दारूगोळ्याचे भाग आणि दारूगोळा तयार करायची यंत्रसामग्री हीसुद्धा त्यात धरली आहे. म्हणजे रिकामं यंत्र आहे म्हणून ते आपोआप कायद्याबाहेर जात नाही.

त्याच कायद्यातलं कलम ४५ काही गोष्टींना सूट देतं. शस्त्रांचे किंवा दारूगोळ्याचे गौण भाग तुमच्याकडे असतील, आणि ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसेल, मग ते पूरक भाग तुमच्याकडे असोत की दुसऱ्या कुणाकडे, तर त्यांना कायदा लागू होत नाही. आपल्यासारख्यांचा आधार हे वाक्य आहे. त्यामुळे संग्रहात काय नाही, याला काय आहे याइतकंच महत्त्व येतं. एकटं माप ही जुनी वस्तू झाली. त्याच कपाटात दारू, टोप्या आणि छरे ठेवले की तिचा अर्थ बदलतो.

भरलेलं काडतूस, जिवंत टोपी आणि दारू यांना ही सूट नाही. दारूसाठी स्फोटक अधिनियम १८८४ वेगळा आहे. साचे आणि यंत्रांबद्दलची शंका प्रश्न १४ मध्ये घेतली आहे.

३. आजोबांच्या ट्रंकेत काही काडतुसं सापडली. भरलेली आहेत की रिकामी ते कळत नाही. काय करू?

हात लावू नका, ट्रंक हलवू नका. झाकण जसं आहे तसं राहू द्या, खोलीतून मुलांना बाहेर काढा आणि जवळच्या ठाण्यात किंवा ११२ वर फोन करा. गरज वाटली तर पोलीस बॉम्ब शोधक व नाशक पथकाला बोलावतात.

लोकांना भीती असते ती पोलीस आपल्यालाच धरतील याची. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ मध्ये सोय आहे: ज्याच्याकडे ठेवणं आता कायदेशीर उरलेलं नाही असं शस्त्र किंवा दारूगोळा ठाण्यात जमा करता येतो. सापडल्याबरोबर कळवणारा माणूस आणि सापडल्यावर कपाटात ठेवून देणारा माणूस यांत कायदाही फरक करतो. आजोबांचा जुना परवाना घरात असेल तर तो शोधून ठेवा, कागद उपयोगी पडतो.

विहिरीत टाकू नका, शेतात पुरू नका आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. तो माणूस ते पितळ वितळवायला भट्टीत टाकतो.

४. दारूच्या शिंगात काहीतरी खुळखुळतंय. शंभर वर्षांपूर्वीची दारू आता मेली असेल ना?

नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण आहे आणि वयाने त्याची ताकद जात नाही. आपली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, त्यामुळे इकडच्या शिंगांत ती चांगली टिकते.

तोंडाची गुडदी ओढू नका, तार घालून खरवडू नका, "बघू पेटते का" म्हणून चिमूटभर काडीला लावणं तर स्वप्नातही नको. शिंग सावलीत, आडवं, एकटं ठेवा आणि प्रश्न ३ प्रमाणे कळवा. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आपण लहानपणापासून बघतो, त्यामुळे दारूची भीती चेपलेली असते. पण ते काम परवानाधारक कारागिरांचं असतं आणि मोकळ्या मैदानात होतं.

५. जुन्या टोप्यांची सीलबंद डबी मिळाली तर? ती न उघडता संग्रहात ठेवता येईल का?

नाही. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं फल्मिनेट असायचं. ते ठोक्याने, घर्षणाने आणि उष्णतेने उडतं, आणि वर पारा विषारी. सीलबंद डबी संग्राहकाला मोलाची वाटते हे खरं आहे, पण अशी डबी घरात ठेवायची नाही. रिकामी डबी, तीही आतून रिकामी असल्याची खात्री झालेली, तेवढीच आपली.

६. सोलापुरात असं सामान मिळतं कुठे?

माझ्याकडचं बहुतेक सामान घरांतून आलं आहे, दुकानांतून नाही. जुने माळवदी वाडे पाडताना, भावाभावांच्या वाटण्या होताना, माडीवरची अडगळ खाली आणताना ते निघतं. देशमुख, देसाई, पाटील यांच्या घरांत शिकारीचं सामान असायचंच. नान्नजच्या माळावर माळढोक आणि काळवीट यांची शिकार व्हायची. ते माळरान पुढे अभयारण्य झालं आणि बंदुकांबरोबर हे सामानही निरुपयोगी ठरलं.

भंगारवाल्यांकडे चक्कर मारत राहावी, पण त्यांना आधी बजावून ठेवावं: रिकामं दाखवा, भरलेलं दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारातही मापं आणि बारूददानं दिसतात. नकलीही तिथेच जास्त असतात, त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

डोळा तयार करायचा असेल तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय बघा. बंदुका सगळेच बघतात. तुम्ही कोपऱ्यातली बारूददानं आणि रंजकदानं बघा, त्यांचे सांधे, त्यांच्या कड्या, हाताळून झिजलेल्या जागा.

७. खरं बारूददान आणि पर्यटकांसाठी केलेलं, फरक कसा ओळखायचा?

विलायती तांब्यापितळेचं बारूददान, म्हणजे शेफील्डच्या डिक्सन किंवा हॉक्सले यांच्या पद्धतीचं, पातळ पत्र्याचे दोन अर्धे ठशाने दाबून, मधोमध डाख देऊन जोडलेलं असतं. दोन्ही कडांनी तो सांधा नखाला लागतो. वजनाला ते हलकं वाटतं. तोंडाशी चापाची स्प्रिंग असते, नळीवर मापाच्या खुणा असतात आणि नळी त्या खुणांवर खरोखर सरकते.

नकली बहुधा ओतीव असतं. हातात जड लागतं, आतून वाळूचा खरखरीतपणा लागतो आणि खुणा नुसत्या शोभेच्या. "ईस्ट इंडिया कंपनी" आणि एखादं ठळक साल मोठ्या अक्षरांत कोरलेलं दिसलं की मी वस्तू खाली ठेवतो. हिरवा थर सगळीकडे सारखा असेल तरी संशय घ्या. खऱ्या वस्तूवर तो खाचांत, कड्यांखाली, जिथे हात पोचत नाही तिथे जमतो.

८. मापावर "ड्रॅम" आणि "औंस" लिहिलंय. आपल्या हिशेबात किती? आणि "बारा बोअर" म्हणजे काय?

एक ड्रॅम म्हणजे सुमारे १.७७ ग्रॅम, एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ड्रॅम दारूसाठी, औंस छऱ्यांसाठी. मुठीच्या मापात एका बाजूला ड्रॅमची आणि दुसऱ्या बाजूला औंसाची पट्टी असते, तळ वरखाली सरकतो.

बारा बोअरचा हिशेब असा: नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. म्हणजे एक गोळी सुमारे ३७.८ ग्रॅमची, व्यास साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. आकडा वाढला की नळी लहान होते, हे नव्या माणसाला उलटं वाटतं.

हे ड्रॅम काळ्या दारूचे आहेत. बिनधुराची दारू आल्यावरही खोक्यांवर "इतक्या ड्रॅमच्या तोडीची" असं छापत राहिले. तेच माप नव्या दारूने भरून लोकांनी बंदुकीच्या नळ्या फोडून घेतल्या आहेत.

९. रिकाम्या काडतुसाच्या बुडावरची अक्षरं कशी वाचायची?

आधी टोपीवर घोड्याचा ठसा आहे का ते बघा, म्हणजे ते उडालेलं आहे का. ठसा नसेल तर ते तुमच्यासाठी "रिकामं" नाही, प्रश्न ३ वर जा. ठसा दिसला म्हणूनही खात्री झाली असं धरू नका. कधी कधी ठोका पडूनही बार होत नाही. तोंड उघडं आणि आत पोकळ दिसलं पाहिजे.

इकडे सर्वांत जास्त दिसणारी अक्षरं "के एफ", म्हणजे खडकीचा कारखाना. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. बारा बोअरच्या खडकी काडतुसांवर "शक्तिमान" नाव असतं. विलायती मालावर एली आणि किनॉक ही नावं भेटतात. खोक्यावर "आयसीआय" असेल तर ते १९२६ नंतरचं, कारण ती कंपनीच त्या साली झाली. पितळी नळीच्या आत बॅटरीने पाहिलं तर टोपीच्या मागे एक भोक असेल तर ती टोपी बसवायची बॉक्सर पद्धत, सामान्यतः दोन बारीक भोकं असतील तर बर्डन.

१०. पितळी माप काळं पडलंय. चिंच लावून किंवा पितांबरीने घासू का?

नका. हे मी हात जोडून सांगतो.

आजोबांचं माप मी विशीत असताना चिंचेच्या कोळाने घासलं. आई समई जशी घासायची तसंच, वाटीत कोळ आणि बोटाला काथ्या. पाच मिनिटांत ते सोन्यासारखं झालं. पाणी पुसून खिडकीशी नेलं तेव्हा दिसलं की अंगठ्याखालची जागा पिवळी नाही, गुलाबी झालीय. चिंचेच्या आम्लाने पितळातलं जस्त पृष्ठभागावरून निघून गेलं होतं, मागे तांबं उरलं होतं. ड्रॅमच्या पट्टीवरचा "३" आता फक्त तिरप्या उजेडात दिसतो. आजोबांचा अंगठा पन्नास वर्षं जिथे पडत होता, तिथली झीज आणि त्यावरचा काळसर थर एका दुपारी गेला. तो परत आणता येत नाही.

काळा-तपकिरी थर पितळाचं रक्षण करतो. तो तसाच राहू द्या. मऊ ब्रशने धूळ झाडा, चिकट मळ असेल तर शुद्ध पाण्यात किंचित ओलं केलेलं जुनं सुती फडकं फिरवा, लगेच कोरडं करा. भुरभुरणारा हिरवा कळंक दिसला तर फक्त तेवढीच जागा बांबूच्या काडीने हलकेच काढा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. असं मेण ब्रिटिश म्युझियमने १९५० च्या दशकात वस्तूंसाठीच तयार केलं आणि ते ऑनलाइन मिळतं. पितांबरी समईसाठी चांगली आहे, समई दर सणाला घासायचीच असते. ही वस्तू वेगळी.

११. मग बाजारातलं धातूचं पॉलिश? त्यात आम्ल नसतं ना?

त्यातल्या बऱ्याच पॉलिशांत अमोनिया असतो आणि काडतुसाच्या पितळासाठी तो आम्लाहून वाईट. याची गोष्ट आपल्याच देशातली आहे आणि ती प्रत्येक संग्राहकाला माहीत हवी.

इंग्रजांच्या फौजेत पावसाळ्यात एक विचित्र प्रकार घडायचा. कोठारातली, कुणी हात न लावलेली पितळी काडतुसं आपोआप उभी चिरायची. विशेषतः तोंडाजवळ, जिथे पितळ गोळीभोवती आवळलेलं असतं. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला "सीझन क्रॅकिंग" म्हणू लागले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण दाखवून दिलं. पावसाळ्यात तबेले मोकळे असायचे म्हणून काडतुसं तिथे ठेवायचे, आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळावर बसायचा. नळी ओढून ताणून घडवताना पितळात जो ताण अडकून राहतो, त्या ताणाच्या रेषेवर अमोनिया भेग पाडतो. नळी मंद आचेवर तापवून तो ताण सोडवला की चिरणं थांबतं, हाही उपाय त्यांनीच सांगितला.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. अमोनियाचं पॉलिश नको. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवणं नको. फरशी पुसायच्या झोंबऱ्या द्रावणाची बाटली त्याच कपाटात नको. माझ्याकडे एक जुनी पितळी नळी आहे, तोंडापासून बुडाकडे केसासारखी सरळ भेग गेलेली. बोटाने लागत नाही, भिंगातून दिसते. बहुधा अशाच एखाद्या कोठाराची ती साक्ष असावी. ती मी मांजरपाटात गुंडाळून वेगळी ठेवली आहे.

१२. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी आलीय. बुरशी आहे का?

बुरशी नाही, शिशाचा गंज आहे. लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून आम्लाच्या वाफा निघतात. बंद पेटीत त्या कोंडतात आणि शिशाला खातात. सुंदर सागवानी पेटीत, मखमलीवर मांडलेल्या गोळ्याच आधी पांढऱ्या होतात.

ती भुकटी विषारी आहे. फुंकू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. हातमोजे घाला, गोळी लाकडी पेटीतून काढून झिपच्या पॉलिथिन पिशवीत ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. ताटाजवळ, स्वयंपाकाच्या ओट्यावर शिसं कधीच नको. लहान मुलं असलेल्या घरात शिशाच्या वस्तू कुलपात.

१३. चामड्याच्या पिशवीला खोबरेल तेल लावलं तर मऊ होईल का?

दोन महिने होईल. मग ते तेल खवट होतं, धूळ धरतं, मुंग्या येतात आणि चामडं काळं पडतं. जुन्या चामड्यावर लाल पूड सुटत असेल तर तो आतून झालेला क्षय आहे, तेलाने तो थांबत नाही. तेल लावू नका, वाकवू नका. आत मांजरपाटाचा बोळा भरून आकार धरून ठेवा.

पितळी तोंड चामड्याला टेकतं तिथे हिरवा मेणचट थर येतो, तो लाकडी काडीने काढा. दोन्हींमध्ये पातळ पॉलिथिनचा तुकडा सरकवता आला तर पुन्हा लवकर येत नाही.

१४. कलम २ मध्ये "यंत्रसामग्री" म्हटलंय, मग माझा गोळ्यांचा साचा आणि काठ वळवायचं यंत्र त्यात येतात का?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, आणि मला छातीठोक उत्तर देणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. ठासणीच्या बंदुकीचा गंजलेला, जबडा न मिटणारा साचा ही एक गोष्ट. चालू स्थितीतलं, सर्व भाग असलेलं बारा बोअरचं यंत्र ही वेगळी. दुसरं "गौण भाग" आहे असं कुणी मान्य करेलच असं नाही.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, स्थिती आणि ती कुठून आली याची यादी केली. सोबत लिहिलं की दारू, टोप्या, छरे, बंदूक यांपैकी काहीही माझ्याकडे नाही आणि वस्तू वापरायचा हेतू नाही. हा अर्ज परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे दिला आणि पोच घेतली. सोलापूर शहरात हे काम पोलीस आयुक्तालयात होतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. त्याआधी फौजदारी काम बघणाऱ्या वकिलाला यादी दाखवली, आणि त्यांच्या सल्ल्याने माझ्याकडच्या दोन यंत्रांचा एकेक कार्यकारी भाग कायमचा निकामी करून घेतला. संग्राहक म्हणून ते करताना जीव तुटला. तरी तेच बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

घरात बंदुकीचा चालू परवाना असेल तर अधिकच जपा. तुमच्याकडे पूरक भाग आहेत असा अर्थ निघू शकतो. कलम ४५ चा आधार मग लटका पडतो.

१५. काका, एकदाच, फक्त बघण्यासाठी, जुन्या यंत्रावर एक काडतूस भरून बघू का?

नाही. काडतूस तयार करणं म्हणजे उत्पादन. त्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ चा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, झिजलेलं माप, थकलेली स्प्रिंग आणि नवखा हात यांतून काय होतं ते प्रश्न ८ च्या शेवटी लिहिलं आहे. यंत्र कसं चालायचं हे बघायचं असेल तर रिकाम्या कागदाची साधी सुरळी करून मूठ फिरवा. काठ कसा आत वळतो ते दिसतं, आणि तेवढं पुरेसं सुंदर आहे.

१६. खोकी, लेबलं आणि वॅड यांना कसर लागते. डांबरगोळ्या ठेवू का?

डांबरगोळ्यांची वाफ माणसालाही बरी नाही आणि छपाईलाही. नमद्याच्या वॅडना कसर लागली असेल तर त्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. ही पद्धत फक्त वॅड, कागद आणि कापडासाठी, आणि त्यात दारूचा अंश नाही याची खात्री असेल तरच. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, वस्तूला टेकवू नका.

छापील खोकी वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो आणि डाग सोडतो. सेलोटेप कधीच नको. फाटलेलं फाटलेलं राहू द्या.

१७. मे महिन्यात घर तापतं. कपाट कुठे ठेवावं?

पत्र्याखाली आणि वरच्या मजल्याच्या पश्चिम भिंतीला नको. आपल्याकडे पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालची ट्रंक त्याहून तापते. चामडं आक्रसतं, शिंग तडकतं, कागदी नळ्या फाकतात. जुन्या माळवदी घराची आतली खोली यासाठी सर्वांत चांगली. जाड मातीची भिंत दिवस-रात्रीचा फरक कमी करते. फक्त वाळवी तपासत राहा आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

फ्लॅट असेल तर मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, खालचा कप्पा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून परत वापरा. चामडं आणि शिंग यांच्याजवळ मात्र त्या नकोत, तिथे आधीच कोरडेपणा जास्त होतो. कूलरच्या वाऱ्यात लोखंड ठेवलं तर आठवड्यात गंज दिसतो.

१८. लोखंडी साच्याचा गंज?

तारेचा ब्रश आणि सँडपेपर नको. हलक्या मशीन तेलाने ओलं केलेलं फडकं, धीर, आणि मग मेण. गोळीच्या पोकळीत काहीही घासू नका, जुन्या साच्याची ओळख तिथेच असते.

१९. दारूचं शिंग काळवीटाचं आहे, रंजकदानावर हस्तिदंत आहे. हे ठेवता येईल?

इथे शस्त्र कायद्यापेक्षा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आधी येतो. काळवीट आणि हत्ती दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. वस्तू कितीही जुनी असली, वारशाने आलेली असली तरी मालकीचं प्रमाणपत्र लागतं आणि विक्री करता येत नाही. प्रमाणपत्र नसेल तर वन विभागात जाऊन लेखी विचारा. विकत घ्यायची असेल तर माझं उत्तर सरळ नाही. म्हशीच्या शिंगाला ही अडचण नाही. ते ओळखू येत नसेल तर आधी जाणकाराला दाखवा, मग पैसे द्या.

२०. किल्ल्याच्या बाजूला खोदकामात शिशाची गोळी सापडली. माझी झाली का?

नाही. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथून खडाही उचलायचा नाही. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने हा किल्ला वेढून घेतला होता, त्यामुळे परिसरात असं काही निघणं नवल नाही. पण ती गोळी कुठल्या थरात, कुठल्या दिशेला निघाली हीच तिची किंमत आहे. खिशात घातली की ती नुसतं शिसं राहते. संरक्षित हद्दीबाहेर, शेतात किंवा घराचा पाया खणताना निघालेल्या वस्तूंना निखात निधी अधिनियम १८७८ लागतो. त्यात दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. जागेवर फोटो काढा, काढायची घाई करू नका, कळवा.

२१. परदेशातल्या संग्राहकाने बारूददान मागितलंय. कुरियर करू का?

शंभर वर्षांहून जुनी, इतिहास किंवा कारागिरीचं मोल असलेली वस्तू पुरावशेष ठरते आणि पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ नुसार ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. देशात व्यवसाय म्हणून विकायची असेल तरी परवाना लागतो. वय नक्की नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घेता येतं. विमानाने जाताना सामानात यातलं काही नेऊ नका, रिकामी नळीही नको. किल्लीला अडकवलेल्या एका रिकाम्या काडतुसावरून माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं विमान चुकलं.

२२. नोंदवहीत काय काय लिहायचं?

वस्तूला क्रमांक द्या, पण तो वस्तूवर कोरू नका. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. वहीत माप, वजन, खुणा, कुठल्या घरातून आली, कोणत्या तारखेला, देणाऱ्याने काय सांगितलं हे त्याच्याच शब्दांत लिहा. माझ्याकडच्या एका मापाबद्दल देणाऱ्या आजींनी सांगितलं होतं की त्यांच्या सासऱ्यांनी शिकार सोडल्यावर त्याने कबुतरांना ज्वारी मोजून घातली. आत अजून एक दाणा अडकलेला आहे. तो मी काढलेला नाही, वहीत लिहिला आहे.

२३. माझ्यानंतर घरच्यांना हे नको असेल तर?

ते आत्ताच लिहून ठेवा. यादीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत हव्यात: यात स्फोटक काही नाही; अर्जाची पोच अमुक फाइलमध्ये आहे; भंगारात देऊ नका, आधी अमुक संग्रहालयाला विचारा. संग्रहालयाशी बोलणं आपण असतानाच करून ठेवावं, कारण यादी आणि पोच असलेली वस्तू ते घेतात, नुसती गोणी घेत नाहीत. माझ्या यादीचं ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे, आणि सुनेला किल्ली कुठे असते ते दाखवलं आहे.